मोडक्या रस्त्याची राखण

1964 साली पीटर पोस्ट या डच सायकलपटूनं पॅरिस-रूबे शर्यत जिंकली ती ताशी 45.129 किलोमीटरच्या सरासरीनं. अंतर 265 किलोमीटर, वारा पाठीचा. पुढे सायकली हलक्या झाल्या, गिअर वाढले, आहार आणि सराव शास्त्रशुद्ध झाले, तरी हा विक्रम 53 वर्षं कुणाला मोडता आला नाही. पोस्टच्या ताकदीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या वेगात एक वाईट बातमीही दडलेली होती. ज्या दगडी रस्त्यांमुळे ही शर्यत जगात ओळखली जाते, ते रस्तेच तेव्हा डांबराखाली गडप होत होते. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून वेग वाढला होता. आणि असाच वाढत राहिला असता तर पॅरिस-रूबे ही इतर पन्नास शर्यतींसारखी आणखी एक शर्यत होऊन बसली असती.

एका दिवसात संपणाऱ्या सायकल शर्यतींमध्ये पाच सर्वांत मानाच्या समजल्या जातात आणि पॅरिस-रूबे त्यांतली एक. तिचा इतिहास सहसा विजेत्यांच्या यादीतून सांगितला जातो. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या त्या रस्त्यांच्या बाजूनं तो पाहिला तर जास्त कळतो असं मला वाटतं. सायकलपटू येतात आणि जातात. तो दगड मात्र कुणीतरी हट्टानं जागेवर ठेवलेला आहे.

सुरुवातीला असा हट्ट करायची गरजच नव्हती. रूबे हे बेल्जियमच्या सीमेलगतचं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. हजार चिमण्यांचं शहर म्हणून त्याची ख्याती होती. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या तिथल्या दोन गिरणीमालकांनी 1895 मध्ये गावात वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं मैदान बांधलं. मैदानाकडे लोकांचं लक्ष वेधायचं तर पॅरिसहून निघून आपल्या दारात संपणारी शर्यत हवी, असं त्यांनी ठरवलं आणि ‘ल व्हेलो’ या क्रीडादैनिकाला गाठलं. दैनिकाकडून मार्ग पाहायला व्हिक्टर ब्रेयेर गेला. आमिएँपर्यंत मोटारीनं आणि तिथून पुढे सायकलवर. चिखलानं माखून, थकून तो संध्याकाळी रूबेला पोचला तेव्हा हा बेत रद्द करा अशी तार पाठवायच्या विचारात होता. आंघोळ आणि गरम जेवण झाल्यावर त्याचं मन पालटलं, असं सांगतात. 19 एप्रिल 1896 रोजी पहिली शर्यत झाली. 280 किलोमीटर, पहिलं बक्षीस हजार फ्रँक. योझेफ फिशर हा जर्मन गडी सव्वानऊ तासांत पोचला. तिसरा आला मोरिस गारां. हा मूळचा इटलीच्या आओस्ता खोऱ्यातला, लहानपणी चिमण्या साफ करणारा आणि तेव्हा रूबेचाच रहिवासी. पुढची दोन वर्षं त्यानंच जिंकली आणि 1903 मध्ये पहिली टूर द फ्रान्सही त्याच्याच नावावर लागली.

या सगळ्यात दगडांचं कुणालाच अप्रूप नव्हतं. उत्तर फ्रान्समधले बहुतेक रस्ते तसेच होते. घडवलेले दगड वाळूवर बसवायचे, मध्ये किंचित फुगवटा ठेवायचा म्हणजे पाणी कडेला उतरतं, आणि त्यावरून कोळशाच्या, बीटच्या गाड्या न्यायच्या. सायकलपटू शक्य तिथे कडेची मातीची पायवाट धरत. जाणीवपूर्वक कुणी खडतर शर्यत आखली नव्हती. रस्ताच तसा होता.

शर्यतीला चिकटलेलं ‘उत्तरेचा नरक’ हे नावसुद्धा दगडांमुळे आलेलं नाही. पहिल्या महायुद्धात हा सगळा प्रदेश आघाडीवर होता. 1919 मध्ये शर्यत पुन्हा सुरू करायची म्हणून संयोजक आणि पत्रकार मार्ग पाहायला निघाले तेव्हा रस्ता शिल्लक आहे की नाही याचीच खात्री नव्हती. तोफगोळ्यांनी खणलेली शेतं, उभी न राहिलेली गावं, फांद्यांविना झाडांचे बुंधे, अशा दृश्याचं वर्णन करताना वर्तमानपत्रानं नरक हा शब्द वापरला. या शर्यतीचे स्वतःचे विजेतेही त्या युद्धात गेले होते. 1909 ते 1911 अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकलेला ऑक्ताव्ह लापिझ लढाऊ वैमानिक झाला आणि 1917 मध्ये मारला गेला. 1913 चा विजेता फ्रांस्वा फाबेर 1915 मध्येच पडला होता. आज समालोचक हेच नाव पंक्चर आणि चिखल यांच्या संदर्भात सहज उच्चारतात, तेव्हा लापिझ आणि फाबेरची आठवण निदान एकदा काढली जावी असं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. 1943 पासून शर्यत रूबेच्या आजच्या वेलोड्रोमवर संपू लागली होती. 1949 मध्ये तिथे एक विलक्षण घोळ झाला. आंद्रे माएसह तिघे आघाडीवर होते. मैदानाच्या दाराशी त्यांना चुकीच्या दिशेला वळवलं गेलं आणि ते भलत्याच बाजूनं आत शिरले. मागून आलेल्या जथ्यात फाउस्तो कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से पहिला आला. विजेता कोण यावर महिनोन् महिने वाद चालला आणि शेवटी दोघांनाही विजेते ठरवलं गेलं. पुढच्याच वर्षी फाउस्तो स्वतः जिंकला. शर्यतीचा दिमाख वाढत होता, पण पायाखालचा रस्ता निसटत चालला होता. युद्धात उद्ध्वस्त झालेला प्रदेश नव्यानं उभा राहत होता आणि नवा रस्ता म्हणजे डांबरी रस्ता. शर्यत दूरचित्रवाणीवर दिसू लागल्यावर तर गावोगावच्या महापौरांना आपला खडबडीत रस्ता साऱ्या देशानं पाहावा याची लाज वाटू लागली. शर्यत आपल्या गावातून जाणार म्हटलं की ते घाईनं डांबर टाकून घेत. 1955 मध्ये जेमतेम तीसेक किलोमीटर दगडी रस्ता उरला होता. दहा वर्षांनी तो वीस-बावीसवर आला.

महापौरांना दोष देता येत नाही. ज्या रस्त्यावरून रोज गिरणीत, खाणीत, शाळेत जायचं तो रस्ता धड असावा असं कुणालाही वाटणार. वर्षातून एकदा जाणाऱ्या सायकलींसाठी गावानं बारा महिने हाडं खिळखिळी करून घ्यावीत अशी अपेक्षा बाळगणं क्रूरपणाचं झालं असतं. त्यामुळे शर्यत वाचवायची तर गावातला रस्ता सोडून द्यावा लागणार होता.

ते घडलं 1967 नंतर. त्या वर्षी यान यान्सेन जिंकला तो मोठ्या गटातल्या वेगाच्या चढाओढीत, अगदी शेवटच्या काही मीटरमध्ये. जिथे एकेकटे, दमून गेलेले लोक मिनिटामिनिटांच्या अंतरानं यायचे, तिथे आता जथाच्या जथा येत होता. स्पर्धेचे सर्वेसर्वा झाक गोदे अस्वस्थ झाले. त्यांनी आल्बेर बूव्हे या माजी सायकलपटूला कामाला लावलं : जुने दगडी रस्ते शोधून काढ. बूव्हे नकाशे घेऊन फिरू लागला आणि त्यानं झाँ स्टाब्लिन्स्कीला विचारलं.

या शर्यतीच्या इतिहासात माझ्या मते स्टाब्लिन्स्की सर्वांत महत्त्वाचा माणूस, आणि त्यानं ती कधीच जिंकली नाही. पोलंडहून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा. घराला हातभार म्हणून कोवळ्या वयात कामाला लागला आणि आरांबेरच्या कोळसा खाणीत उतरला. नंतर सायकलवर नाव कमावलं. 1962 मध्ये तो जगज्जेता झाला. खाणीच्या वर जंगल होतं आणि जंगल चिरत जाणारी सरळसोट, साधारण सव्वादोन किलोमीटरची, नेपोलियनच्या काळापासूनची दगडी वाट होती. ती त्याला ठाऊक होती. त्यानं बूव्हेला ती दाखवली. फोटो पाहून गोदेही चपापले होते म्हणतात. एवढं भयंकर काही त्यांनाही अपेक्षित नव्हतं. तरी 1968 मध्ये शर्यत तिथून गेली. स्टाब्लिन्स्की स्वतः त्यात होता. ज्या जमिनीखाली कोळसा खणला, तिच्या वरून शर्यतीत सायकल चालवलेला तो एकमेव माणूस. आज आरांबेरच्या तोंडाशी त्याच्या स्मरणार्थ शिळा उभी आहे.

त्या वर्षी एडी मर्क्स जिंकला. पुढे 1970 आणि 1973 मध्येही तोच. 1970 ला तर दुसरा आलेला रॉजर द व्ल्यामिंक पाच मिनिटांहून अधिक मागे होता. शर्यत पुन्हा पहिल्यासारखी झाली होती, किंबहुना पूर्वी कधीच नव्हती तशी. कारण आता ती मुद्दाम शेतातल्या वाटांवरून नेली जात होती. सुरुवातीची जागाही उत्तरेकडे सरकत गेली आणि 1977 पासून ती पॅरिसहून ऐंशीएक किलोमीटरवरच्या काँपिएन्य गावी स्थिरावली. नावापुरतंच पॅरिस उरलं. त्याच वर्षी विजेत्याला चषकाऐवजी बैठकीवर बसवलेला रस्त्यातला दगड द्यायची प्रथा सुरू झाली. 1972, 1974 आणि 1975 मध्ये जिंकलेल्या द व्ल्यामिंकनं चौथ्या विजयात तो पहिला दगड उचलला. ज्याची लाज वाटून डांबर टाकलं जायचं, तोच दगड दहा वर्षांत मानचिन्ह झाला.

त्या दशकाचं अस्सल चित्र पाहायचं असेल तर डेन्मार्कच्या यॉर्गन लेथनं 1976 च्या शर्यतीवर केलेला माहितीपट पाहावा. मार्क दमेयेर जिंकला ती शर्यत. धुळीचा लोट, त्यातून बाहेर येणारे चेहरे, आणि शर्यत संपल्यावर काँक्रीटच्या आडोशांमध्ये आंघोळ करणारे, एकमेकांशी हळू आवाजात बोलणारे थकलेले पुरुष. या न्हाणीघरातल्या प्रत्येक आडोशावर आता एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी आहे.

सगळ्यांना ही शर्यत आवडत होती असं नाही. बेर्नार इनो तिच्यावर उघडपणे टीका करायचा. तरी 1981 मध्ये जगज्जेत्याची जर्सी घालून तो उतरला, वाटेत अनेकदा पडला, एकदा तर कुत्रा आडवा आल्यामुळे, आणि वेलोड्रोमवर द व्ल्यामिंकसकट सगळ्यांना मागे टाकून जिंकला. मत मात्र त्यानं बदललं नाही. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. न आवडणाऱ्या गोष्टीत आपण कमी पडतो म्हणून ती आवडत नाही, असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी तो जिंकला.

रस्ते शोधून काम भागलं नव्हतं. दगडी रस्ता वापरात नसेल तर गवत माजतं, वापरात असेल तर बीट-बटाट्यांनी भरलेले ट्रॅक्टर तो उखडतात. सांध्यांमधली वाळू पावसात वाहून जाते, एक दगड हलला की शेजारचे हलतात, खड्डा पडतो. राखण कुणी करायची? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काही स्थानिक शौकिनांनी ‘पॅरिस-रूबेचे मित्र’ ही संस्था काढली. वाळू आणि साहित्य संस्थेनं पुरवायचं, आणि परिसरातल्या बागकाम शिकवणाऱ्या शाळांच्या विद्यार्थ्यांनी तो रस्ता शिक्षणाचा भाग म्हणून दुरुस्त करायचा. दगड काढायचे, तळ सारखा करायचा, वाळू पसरून पुन्हा एकेक दगड ठोकून बसवायचा. गुडघ्यांवर बसून, थंडीत. मिटवायचं तेवढंच मिटवायचं आणि खडबडीतपणा जपायचा, हे नाजूक काम आहे. फार सारखा झाला तरी रस्ता वाया, आणि फार उखडला तर माणसं मोडतात. या मंडळींची चिकाटी पाहून हळूहळू महापौरांचा सूरही बदलला. दगडी वाट हा गावाचा ठेवा आहे असं म्हटलं जाऊ लागलं. कोळशाच्या खाणी मात्र याच काळात बंद पडल्या. आरांबेरची 1989 मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्या पट्ट्यातली शेवटची. त्या भागाला 2012 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. गिरण्या गेल्या, खाणी गेल्या, आणि त्या जगाची रोजची वहिवाट असलेला रस्ता शर्यतीमुळे उरला.

नव्वदच्या दशकातल्या कथा मला सर्वांत जास्त भावतात. जिल्बेर द्युक्लो-लासाल 1980 आणि 1983 मध्ये दुसरा आला होता. 1992 मध्ये, पुढच्या चाकाला धक्के झेलणारा सस्पेन्शन फोर्क लावून, 37 व्या वर्षी तो जिंकला. पुढच्या वर्षी वेलोड्रोमवर तो आणि फ्रँको बालेरिनी एकाच वेळी रेषेवर आले. बालेरिनीनं विजयाच्या आनंदात हात उंचावले. फोटोत द्युक्लो-लासाल आठ सेंटिमीटरनं पुढे निघाला. बालेरिनी इतका कोसळला की पुन्हा येणार नाही म्हणाला. पण आला, आणि 1995 व 1998 मध्ये जिंकला. 2001 मध्ये कारकिर्दीतली अखेरची शर्यत संपवताना त्यानं जर्सीची चेन उघडली. आत बनियनवर ‘मेर्सी रूबे’ लिहिलेलं होतं. हरवणाऱ्या आणि जिंकवणाऱ्या त्याच रस्त्याचे त्यानं आभार मानले होते.

1998 च्याच शर्यतीत बेल्जियमचा योहान म्युसेउ आरांबेरमध्ये पडला. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले, जखमेत संसर्ग पसरला आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. दोन वर्षांनी तो एकटा वेलोड्रोमवर आला, रेषेपाशी डावा पाय पेडलवरून उचलला आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं. त्याच जंगलात 2001 मध्ये फिलिप गोमोंच्या मांडीचं हाड मोडलं. 2005 मध्ये आरांबेर मार्गातून वगळावं लागलं. खाली खाणींमुळे जमीन खचून दगड धोकादायक झाले होते. स्थानिक आणि प्रादेशिक परिषदांनी अडीच लाख युरो खर्चून वाट पुन्हा पूर्वीइतकी रुंद केली आणि 2006 मध्ये शर्यत परतली. दगड वाचवण्याच्या हट्टाला अशी माणसांच्या हाडांची किंमत आहे, आणि ती दृष्टिआड करून या शर्यतीचं कौतुक करू नये.

2005 पासूनची काही वर्षं टॉम बोनेनची म्हणता येतील. 2005, 2008, 2009, 2012 असे चार विजय, द व्ल्यामिंकइतके. 2016 मध्ये पाचव्याच्या उंबरठ्यावर त्याला अडवलं ते मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं. काही आठवड्यांपूर्वी त्याचा हात मोडला होता आणि घरात एका जागी उभ्या सायकलवर त्यानं सराव केला होता. आयुष्यभर इतरांसाठी राबलेला हा माणूस रेषा ओलांडल्यावर आपण जिंकलो यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता.

2017 मध्ये ग्रेग व्हान आव्हरमाटनं पोस्टचा विक्रम मोडला. मग वेगाचा बांधच फुटला. 2022 मध्ये डायलन व्हान बार्लेनं ताशी 45.8 ची सरासरी राखली. मातिउ व्हान डर पूलनं 2023 मध्ये 46.8 आणि 2024 मध्ये 47.8. या वेळी मात्र दगड कमी झालेले नाहीत. जवळपास 55 किलोमीटर दगडी वाट, तीसच्या आसपास तुकड्यांत विभागलेली, कठीणपणानुसार एक ते पाच तारे दिलेली. आरांबेर, मोन्स-आं-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र ही तीन पंचतारांकित. वेग आला तो रुंद, कमी हवेच्या टायरांमुळे, वारा कापणाऱ्या सायकलींमुळे आणि पहिल्या किलोमीटरपासून चालणाऱ्या हल्ल्यांमुळे. आरांबेरमध्ये इतक्या वेगानं शिरणं धोक्याचं आहे असं खेळाडूंच्या संघटनेनं सांगितल्यावर 2024 मध्ये जंगलाच्या तोंडाशी वळणं टाकून वेग कमी करण्यात आला. काही खेळाडूंना ती वळणंच धोक्याची वाटली. प्रयोग फसला तरी चालेल, पण असे प्रयोग व्हायलाच हवेत. म्युसेउच्या गुडघ्यानंतर तरी याबद्दल दुमत असू नये.

महिलांना या रस्त्यावर यायला 125 वर्षं लागली. 2020 ची शर्यत साथीमुळे रद्द झाली, 2021 ची एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये गेली, आणि 2 ऑक्टोबरला महिलांची पहिली पॅरिस-रूबे पावसात सुरू झाली. पुरुषांच्या शर्यतीनं 2002 नंतर असा चिखल पाहिला नव्हता. अंतर 116 किलोमीटर. ब्रिटनची लिझी डेग्नन पहिल्याच दगडी तुकड्याआधी पुढे निघाली आणि शेवटचे 82 किलोमीटर एकटी राहिली. चिखलात मागचं चाक वारंवार घसरत होतं. शर्यत संपल्यावर तिच्या हँडलच्या पांढऱ्या पट्टीवर रक्त दिसलं. हातमोज्यांशिवाय दगडांवरून आलेल्या तळव्यांचं रक्त. तिला बक्षीस मिळालं 1,535 युरो. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या सोन्नी कोल्ब्रेल्लीला 30,000. तिच्या संघानं फरक आपल्या खिशातून भरून दिला.

त्यानंतर एलिसा लोंगो बोर्घिनी, कॅनडाची अॅलिसन जॅक्सन आणि बेल्जियमची लोट्टे कोपेकी जिंकल्या. 2025 मध्ये पोलिन फेरां-प्रेव्हो एकटीच वेलोड्रोममध्ये शिरली. पुरुषांच्या शर्यतीत फ्रान्सचा शेवटचा विजेता फ्रेदेरिक गेस्दों, 1997 चा. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांनी रूबेच्या मैदानावर फ्रेंच माणसांना आपल्या खेळाडूसाठी ओरडायला मिळालं. दुसऱ्या दिवशी व्हान डर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे आठ-साडेआठ वाजलेले असतात. जेवणाच्या वेळी ही शर्यत पाहता येते आणि पाहावीच.

महिलांचा मार्ग हळूहळू वाढला, 2025 मध्ये तो 150 किलोमीटरच्या जवळ गेला. पण तोवरच्या पाचही शर्यतींत आरांबेर नव्हतं. वेग, गर्दी, नवखा घोळका अशी कारणं दिली गेली आहेत. ही वाट वाचवायला एक खाणकामगार, एक नकाशे घेऊन फिरणारा माणूस आणि बागकाम शिकणारी शेकडो मुलं लागली. तिथून जायचा हक्क डेग्नननं 2021 च्या चिखलातच मिळवला आहे, आणि संयोजकांनी तो लवकर मान्य करावा.